झाकलेली जखम, चालता हात

कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात, रसवंतीच्या चरकात किंवा कारखान्यातल्या पॉवर प्रेसखाली सापडलेला हात रुग्णालयात येतो, तेव्हा सगळ्यांचे लक्ष जखमेवर खिळते. कातडी सोललेली असते, आतले मांस उघडे पडलेले असते, कुठे कुठे हाड दिसत असते. ‘हात वाचेल ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न स्वाभाविक आहे. काही आठवड्यांनी जखम भरून आली, टाके निघाले, की हात वाचला असे घरचेही मानतात आणि पुष्कळदा डॉक्टरही. पण तोवर बोटे ताठलेली असतात, कातडी खालच्या मांसाला चिकटलेली असते आणि तळहाताला गरम-गार कळत नसते. असा हात शरीराला जोडलेला राहतो, पण कामाला येत नाही. कोपर ते मनगट या भागाच्या, म्हणजे अग्रबाहूच्या, पुनर्रचनेचे यश जखम बुजण्यावर मोजता येत नाही, असे या प्रस्तावनेचे प्रतिपादन आहे. बोटे मिटतात का, उघडतात का आणि त्यांना स्पर्श कळतो का, यांवरच ते मोजले पाहिजे. हा निकष मनापासून स्वीकारला, की पहिल्या दिवसापासूनचा उपचारांचा क्रम, वेळ आणि पद्धतीची निवड बदलते. तो स्वीकारला नाही, तर उत्तम शल्यकौशल्यही वाया जाऊ शकते.

हा निकष भावनेतून आलेला नाही, शरीररचनेतून आला आहे. कोपर आणि मनगट यांमधल्या वीत-सव्वावीत अंतरात दोन हाडे आहेत. करंगळीच्या बाजूचे हाड जवळजवळ स्थिर राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे त्याच्याभोवती फिरते. घास तोंडाकडे नेताना, किल्ली फिरवताना, पैसे घेण्यासाठी तळहात पसरताना ही फिरकीच उपयोगी पडते. या हाडांभोवती सुमारे वीस स्नायू आहेत आणि बोटांची बरीचशी ताकद बोटांत नसून याच स्नायूंत आहे. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटावरून बोटांपर्यंत जातात; तळहाताच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून तर नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू एकत्र जातात. मूठ उघडताना-मिटताना या कंडरा काही सेंटिमीटर पुढेमागे सरकतात. हाताला संवेदना आणि चालना देणारे तिन्ही प्रमुख मज्जातंतू आणि रक्त पुरवणाऱ्या दोन्ही मुख्य धमन्या याच भागातून खाली उतरतात. मांडीवरची तळहाताएवढी कातडी गेली, तिथे साधे त्वचारोपण केले, तरी माणूस पूर्वीसारखा चालू शकतो. तेवढीच जखम मनगटाच्या वर झाली, तर खालची बोटे अगदी सुरक्षित असूनही निकामी होऊ शकतात. इथे जखमेचा आकार आणि नुकसानीचा आकार यांचा मेळ बसत नाही.

म्हणून जखम कशाने झाकायची हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्वचारोपणात मांडीवरून कातडीचा पातळ थर काढून जखमेवर लावतात. या थराला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ज्या जागेवर तो बसतो तिच्यातूनच त्याला जगायचे असते. उघड्या स्नायूवर तो छान धरतो. पण वरचे नाजूक आवरण निघून गेलेल्या कंडरेवर किंवा हाडावर तो धरत नाही, आणि कसाबसा धरलाच तर कंडरेला चिकटून बसतो. चिकटलेली कंडरा सरकत नाही आणि न सरकणाऱ्या कंडरेचे बोट हलत नाही. अशा ठिकाणी फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी आणि तिच्याखालची चरबी, कधी स्नायूही, यांचा स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह आणलेला तुकडा. त्या चरबीचा मऊ थर कंडरेला सरकायला जागा देतो आणि पुढे कधी मज्जातंतूची किंवा कंडरेची दुसरी शस्त्रक्रिया करायची झाली, तर फ्लॅप उचलून आत जाता येते. त्वचारोपणाने आजची जखम मिटते. चांगला फ्लॅप आजच्या जखमेबरोबर उद्याच्या शस्त्रक्रियेचीही सोय करतो. या भागातली निवड या फरकावर ठरली पाहिजे.

रक्तपुरवठ्यासह ऊती हलवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नाक नव्याने घडवल्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला छापून आले आणि त्यातून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिथे तशी शस्त्रक्रिया केली. हाताच्या बाबतीत मात्र खरी कलाटणी मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७२ मध्ये मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतल्या ठरावीक धमनीवर पोसलेला फ्लॅप मांडला. जखमी हात जांघेशी शिवायचा आणि सुमारे तीन आठवड्यांनी, जखमेकडून नवा रक्तपुरवठा मिळाल्यावर, तो सोडवायचा. १९८१ मध्ये चीनमधील यांग ग्वोफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रबाहूच्याच पातळ कातडीचा, अंगठ्याकडच्या धमनीवरचा फ्लॅप प्रसिद्ध केला. त्याच दशकात अर्जेंटिनाच्या झांकोली आणि आंग्रिजियानी यांनी हाताच्या मागच्या बाजूच्या लहान धमनीवर आधारलेला फ्लॅप पुढे आणला, तर १९८४ मध्ये चीनमध्येच मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या फ्लॅपचे वर्णन झाले. ही यादी नुसत्या प्रगतीची वाटचाल म्हणून वाचली, तर तिच्यातला मुद्दा हातून निसटतो. प्रत्येक फ्लॅपसाठी हात वेगळी किंमत मोजतो. जांघेच्या फ्लॅपमध्ये हाताची एकही धमनी खर्च होत नाही, पण तीन आठवडे हात खाली लोंबतो, सुजतो, खांदा-कोपर आखडतात. अग्रबाहूचा फ्लॅप एका बैठकीत होतो, पण आधीच जखमी हाताच्या दोन मुख्य धमन्यांपैकी एक तो घेतो. दुसरी शाबूत आहे याची खात्री नसेल, तर तो धोका पत्करण्यासारखा नसतो. मागच्या बाजूचा फ्लॅप दोन्ही मोठ्या धमन्या वाचवतो, पण त्याची धमनी बारीक आणि सोडवायला अवघड. मांडीचा मोठा फ्लॅप आणायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारे हात हवेत. कोणता फ्लॅप श्रेष्ठ, या वादाला म्हणूनच अर्थ नाही. या रुग्णाची बोटे हलण्यासाठी कोणती किंमत कमीत कमी नुकसानीची, एवढेच विचारायचे असते.

निवडीइतकाच निर्णायक घटक वेळेचा. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना इथले मार्को गोदिना यांनी हातापायांच्या गंभीर दुखापतींवर सूक्ष्मशस्त्रक्रिया केलेल्या ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखापतीनंतर ७२ तासांच्या आत फ्लॅप केलेल्यांत तो निकामी होण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते आणि जंतुसंसर्ग दीड टक्का. ७२ तास ते तीन महिने या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांत हेच आकडे १२ आणि साडेसतरा टक्के झाले. या अभ्यासावरचे आक्षेप खरे आहेत. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, उशिरा आलेले रुग्ण मुळातच अधिक बिकट अवस्थेत असण्याची शक्यता होती, आणि तो अभ्यास केवळ हातांपुरता नव्हता. शिवाय जखमेवर ऋण दाब देणारी ड्रेसिंग आल्यापासून काही दिवस थांबणे पूर्वीइतके धोक्याचे राहिलेले नाही. हे सारे मान्य करूनही मूळ निष्कर्ष टिकतो, कारण त्याच्या मागचे कारण आपल्याला कळते. उघडी पडलेली कंडरा वाळते आणि मरते. उघडा मज्जातंतू खरडला जातो. उघड्या जखमेत जंतू ठाण मांडतात, भोवती दाट व्रण तयार होतो आणि त्या व्रणात पुढे रक्तवाहिनी शोधणेही कठीण होते. शिवाय जखम झाकली जात नाही तोवर बोटांना नीट व्यायाम देता येत नाही आणि सुजलेली बोटे आखडायला आठवडेही पुरतात. ७२ हा काही मंत्रातला आकडा नाही. पण ‘आधी जखम आपोआप भरू द्या, मग पाहू’ हा सल्ला हाताच्या या भागासाठी घातकच आहे.

लवकर झाकायचे तर आधी साफ करायचे, आणि अडचणीची जागा बहुधा हीच असते. पहिल्या शस्त्रक्रियेत मेलेला प्रत्येक कण काढला जातो की नाही, यावर पुढचे सगळे उभे असते. जिवंत स्नायू चिमट्याने धरला की आकुंचन पावतो, कापला की त्यातून रक्त येते. मेलेला स्नायू दोन्ही करत नाही. जे मेले ते ठेवून वर सुंदर फ्लॅप चढवणे म्हणजे आत घाण बंद करणे. उच्च दाबाच्या विजेच्या दुखापतीत तर फसगत सहज होते. कातडीवर मनगटापाशी लहानशी जळलेली जागा दिसते आणि आत हाडालगतचे स्नायू भाजून गेलेले असतात. तिथे एक-दोन दिवसांच्या अंतराने पुन्हापुन्हा पाहावे लागते. दुसरी फसगत रक्तपुरवठ्याची. उष्ण अवस्थेत रक्ताविना राहिलेला स्नायू साधारण सहा तासांनंतर कायमचा मरू लागतो. मोडलेल्या हातावर फार घट्ट बांधलेल्या कामट्या किंवा प्लास्टर यामुळे हेच घडते. रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेली, बोटे कायमची वाकलेली अवस्था त्यातूनच निर्माण होते. तीत वरून जखमही दिसत नाही. बोटे सरळ करताना असह्य दुखणे ही तिची आधीची खूण आहे आणि ती ओळखून वेळेत स्नायूंवरचे घट्ट आवरण मोकळे करणारा तालुक्याचा डॉक्टर हा पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक हात वाचवतो.

जखम झाकली, की पुनर्रचनेची सुरुवात होते, शेवट नव्हे. हाडाचा काही भाग गेला असेल, तर पायातले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसह आणून तो भरता येतो. कंडरा गेल्या असतील, तर दुसऱ्या स्नायूची शाबूत कंडरा तिथे वळवता येते; हेच कंडरावहन. मज्जातंतूंचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि ज्या स्नायूला वर्ष-दीड वर्ष चेतना मिळाली नाही तो ती पुन्हा स्वीकारत नाही. कोपराजवळ तुटलेल्या मज्जातंतूला हातातल्या लहान स्नायूंपर्यंत पोचायलाच बहुतेक अवधी खर्ची पडतो. तो जोडताना कंडरावहनाचा विचार त्याच दिवशी केलेला असावा लागतो. १९६२ मध्ये बॉस्टनमध्ये रॉनल्ड माल्ट यांच्या पथकाने तुटलेला दंड पुन्हा जोडला आणि पुढच्या वर्षी शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी मनगटाच्या वर तुटलेला हात जोडला. बॉस्टनच्या त्या रुग्णात मज्जातंतू मागाहून वेगळ्या शस्त्रक्रियेने जोडावे लागले. रक्त त्याच दिवशी वाहू लागले, पण हाताला ‘हात’पण यायला फार काळ लागला. १९७३ मध्ये शांघायच्याच शल्यचिकित्सकांनी फोल्कमानच्या विकारात छातीचा स्नायू रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांसह अग्रबाहूत आणून बोटांना नवी चालना दिली. आज त्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस हा स्नायू अधिक वापरतात. वरची कातडी घेऊन तो आणला, की आवरण आणि हालचाल दोन्ही एकाच शस्त्रक्रियेत मिळतात. मात्र नव्या स्नायूला कुठला मज्जातंतू जोडायचा हे आधीच ठरलेले असावे लागते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो. हे सगळे मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे काम. जिल्ह्यात सूक्ष्मदर्शक नाही, रात्री शस्त्रक्रिया करणारे पथक नाही, मग असा निकष लावून उपयोग काय? आक्षेपात सत्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. मेलेल्या ऊती नीट काढणे, हाड तात्पुरते स्थिर करणे, मनगट आणि बोटे योग्य स्थितीत पट्टीवर बांधणे, सूज उतरवायला हात उंच ठेवणे, यांपैकी कशालाही सूक्ष्मदर्शक लागत नाही. जांघेचा फ्लॅप सूक्ष्मदर्शकाशिवायच होतो आणि त्याच्या सगळ्या त्रुटींसह तो आजही असंख्य हातांना उपयोगी आहे. एवढे करून रुग्ण योग्य ठिकाणी वेळेत पाठवला, तर अर्धी लढाई जिंकलेली असते. शिवाय या देशात हे कौशल्य परके नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया आणि बुच यांनी पोटावरची चरबी रक्तवाहिन्या जोडून दुसरीकडे बसवल्याचा शोधनिबंध १९७१ मध्ये, म्हणजे असे फ्लॅप जगभर सर्रास होऊ लागण्याआधी, प्रसिद्ध झाला. कोइंबतूरच्या गंगा रुग्णालयासारख्या केंद्राने हाताच्या दुखापतींवरच्या उपचारांत जगाचे लक्ष वेधले आहे. कमतरता असेल तर ती कौशल्याच्या पसरण्यात आणि वेळेत पाठवण्याच्या शिस्तीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: इतक्या शस्त्रक्रिया, इतके महिने, त्यापेक्षा हात कापून कृत्रिम हात बसवणे बरे नाही का? पायाच्या बाबतीत हा युक्तिवाद अनेकदा योग्य ठरतो, कारण पायाचे मुख्य काम भार पेलणे आहे आणि चांगला कृत्रिम पाय ते करतो. हाताचे मुख्य काम पकडणे आणि जाणणे आहे. आपल्याकडे सामान्यपणे मिळणारा कृत्रिम हात जाणत नाही. पेला सुटतोय की दबतोय हे डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून दोन-तीन बोटे अंगठ्याला भेटतात आणि स्पर्श कळतो असा अर्धवट हातही बहुधा कृत्रिम हातापेक्षा उपयोगी ठरतो. याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. स्पर्श नाही, हालचाल नाही आणि ते परत येण्याची वाटही नाही, असा हात केवळ जोडून ठेवण्यासाठी वर्षभर रुग्णाला टेबलावर नेणे हेही अपयशच आहे. तिथे कापण्याचा निर्णय प्रामाणिक असतो. दुसऱ्याचा हात बसवण्याचा मार्ग आता आपल्याकडेही खुला आहे. कोचीत २०१५ मध्ये आणि मुंबईत परळला २०२० मध्ये दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. १९९८ मध्ये ल्योंला हात बसवलेल्या पहिल्या रुग्णाने ती औषधे नियमित घेतली नाहीत आणि तीन वर्षांच्या आत तो हात काढावा लागला. दोन्ही हात गेलेल्यांसाठी हा मोठा आधार आहे. स्वतःचा हात वाचवता येत असेल, तर त्याला तो पर्याय होत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि श्रमाचा. हातावर पोट असलेल्या माणसाने सहा महिने व्यायामाला का यावे, कसे यावे? पण व्यायाम ही उपचारांपुढची सोय नाही, उपचारांचाच अर्धा भाग आहे. हे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामाने दाखवून दिले. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांसाठी त्यांनी कंडरावहन केले, पण त्यासोबत फिजिओथेरपी आणि हाताला काम शिकवणे उभे केले. शिवाय सरळ झालेला पण बधिर हात पुन्हा जखमी होतो, हे ओळखून त्याला जपण्याचे शिक्षणही दिले. व्यायामाविना सोडलेला उत्तम फ्लॅप ताठ हातात संपतो. कायद्यानेही हा विचार मान्य केलेला दिसतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के, मनगटापासून हात गेल्यास ६० टक्के कमाईची क्षमता गेली असे धरले जात असे. आणि एखादा अवयव कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तो गेला असेच समजावे, अशी टीपही तिथे होती. कायदा ज्याला गमावलेला हात म्हणतो, त्याला रुग्णालयाने वाचलेला हात म्हणून नोंदवू नये. आणि जो खर्च व्यायामावर, गाडीभाड्यावर, पट्टीवर होत नाही, तो पुढे त्या घराच्या कमाईतून आयुष्यभर वजा होत राहतो.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने, तो शल्यचिकित्सक असो, फिजिओथेरपिस्ट असो, परिचारिका असो की कडबाकुट्टी असलेल्या शेतकऱ्याच्या घरातला कुणी असो, पुढची पाने या निकषावर घासून वाचावीत. प्रत्येक फ्लॅपपाशी थांबून विचारावे: याखाली कंडरा सरकेल का? नंतर आत जाता येईल का? या हाताने यासाठी काय गमावले? प्रत्येक निर्णयापाशी वेळ विचारावी: आज न केल्याने उद्या काय मरेल? आणि रुग्णाची नोंद बंद करताना जखम भरल्याच्या तारखेखाली आणखी तीन ओळी असाव्यात: मूठ किती मिटते, बोटे किती उघडतात, बोटांच्या टोकांना काय कळते. या तीन ओळी प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक हातासाठी लिहिल्या जाऊ लागल्या, तर आपण किती हात खरोखर परत दिले हे कळेल आणि उरलेल्यांचे काय चुकले हेही. यंत्रांवर संरक्षक जाळी बसवण्याइतकेच हे काम सार्वजनिक आहे, कारण या दुखापती ज्यांना होतात त्यांचे उत्पन्न, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि त्यांचा मान या दोन हातांवरच अवलंबून असतो.